तुमच्याच मुलीच्या अक्षरात

४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझी राग आला की सुधारते, आणि सध्या मी अगदी ठणठणीत आहे.

हे मी सांगतेय आणि तुमची मुलगी लिहितेय. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला लग्नाच्या बोलणीपासून माहीत आहे, तेव्हाही तुम्ही ते दोनदा विचारून घेतलं होतंत. माझ्या मुलाचं अक्षर म्हणे मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं आहे. लेक तर या प्रकरणात फिर्यादी. उरली सून. तिला बजावलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. आईला असलं पत्र लिहिताना तिचं नाक लाल झालंय, पण हात चालू आहे.

फोन का नाही केला, असं म्हणाल. केला होता. तुम्ही मध्येच ठेवलात. कागद मध्येच ठेवला तरी उरलेलं तिथंच वाट बघत बसतं.

तर मुद्दा. माझ्या लेकीनं शाळेतल्या पोरांसाठी ‘मोजून बघ’ नावाची गणिताची पुस्तकं लिहिली, पाच भाग. तुमच्या घरीही एक संच दिला होता, तुम्ही तो काचेच्या कपाटात ठेवलात. तुमचे चिरंजीव क्लास चालवतात, त्याचं त्यांनी फोनवर ॲप काढलंय. त्या ॲपमध्ये पाचही भाग जसेच्या तसे आहेत. जसेच्या तसे म्हणजे, मुखपृष्ठावर माझ्या लेकीचं नाव होतं तिथं आता चिरंजीव उभे आहेत. टाय लावून, हाताची घडी घालून, दातांच्या डॉक्टरच्या जाहिरातीसारखे. खाली लिहिलंय, लेखक तेच. मला वाचता येत नाही, पण टाय दिसतो.

प्रकाशकानं काल लेकीला बोलावलं. पुस्तकांचे गठ्ठे दोरीसुद्धा न सोडता गोदामात पडलेत. तो म्हणाला, बाई, फोनवर फुकट मिळतंय ते दुकानात कोण घेईल? सहावा भाग तयार आहे. वर्गात मागं पडलेल्या पोरांसाठी आहे तो, लेकीचा जीव त्यात आहे. प्रकाशक म्हणतो, ॲपमधलं काढलं, आणि ही पुस्तकं कुणाची ते तुमच्या चिरंजिवांनी लेखी दिलं, तर छापतो. शाळा उघडायच्या आत हे झालं नाही तर सहावा भाग नाही, आणि आधीचे पाचही बंद.

तेव्हा काढायला सांगा. लेखी द्यायला सांगा. टाय राहू दे.

तुमची,
विहीण


११ मार्च

विहीणबाई यांस,

पत्र मिळाले. भाषेवरून ते आपणच सांगितले आहे याबद्दल शंका राहिली नाही.

मी निवृत्त होईपर्यंत सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आरोप कसा करावा आणि कसा करू नये, हे असंख्य अर्जांतून पाहिले आहे. आपला अर्ज दुसऱ्या प्रकारात बसतो.

दोन आणि दोन चार होतात, हे आपल्या कन्येने शोधून काढलेले नाही. बेरीज, वजाबाकी, भागाकार कोणाच्या मालकीचे नसतात. ज्ञान हे सर्वांचे असते. माझ्या मुलाने ते आजच्या मुलांच्या हातात असलेल्या वस्तूत नेऊन ठेवले. तो धडे स्वतःच्या आवाजात वाचून दाखवतो, चित्रांना रंग देतो. ज्यांच्या गावात पुस्तकाचे दुकान नाही, अशी मुले त्यावर शिकतात. आपण त्यांच्या तोंडचा घास काढायला निघाला आहात, हे आपल्याला कोणी वाचून दाखवले आहे का?

जे पुस्तक आपल्याला वाचताच येत नाही, त्याची चोरी झाली हे आपण ठरवावे, याची मला मौज वाटली.

आणि एक. भांडायचे असेल तर जरूर भांडा. परंतु माझ्या मुलीचा हात त्यासाठी वापरू नका. ती तुमच्या घरी सून म्हणून आली आहे, कारकून म्हणून नाही.

आपली नम्र,
विहीण


१६ मार्च

विहीणबाईंना नमस्कार, आणि चिरंजिवांच्या रंगाच्या डब्यालाही.

तुमचं पत्र तुमच्या मुलीनं वाचून दाखवलं. ‘मौज वाटली’ इथं तिचा आवाज बसला. पाणी प्यायला लावलं.

दोन आणि दोन चार हे माझ्या लेकीनं शोधलं नाही, कबूल. मीठ मी शोधलं नाही, पण माझ्या हातचा स्वयंपाक उचलून तुम्ही आपल्या नावानं पंगतीत वाढलात तर मी बोलणारच. आणि फुकट म्हणता? धडे फुकट, मग पुढं ‘शंका विचारायची असेल तर क्लासला नाव घाला’ असं येतं की नाही? आमच्या जिन्यात तीन पोरांच्या आया नाव घालून बसल्यात. गळाला लावलेलं गांडूळही माशाला फुकटच असतं.

दुकान नसलेल्या गावातली पोरं. त्यांच्यासाठी ज्या शाळेनं मागितलं तिला लेकीनं पुस्तकं आपणहून पाठवलीत. मागावं लागतं, एवढंच. दार वाजवायचं आणि ‘नेऊ का’ म्हणायचं. चिरंजिवांना मी लहानपणापासून ओळखत नाही, पण तुम्ही ओळखता. दार वाजवायला शिकवायचं राहून गेलं का?

पुस्तक मला वाचता येत नाही, हेही कबूल. पण त्यातला एकेक धडा मी ऐकलाय. लेक शाळेतून आली की आम्ही जेवायच्या टेबलाशी बसतो. ती धडा वाचते, शेजारची चार पोरं सोडवतात, आणि मी धड्याकडे नाही, पोरांच्या तोंडाकडे बघते. तोंड वाकडं झालं की म्हणते, इथं अडलं. लेक खोडते, पुन्हा लिहिते. कधी महिनाभर एकाच धड्यावर. चिडते माझ्यावर, म्हणते आई, तू परीक्षकापेक्षा वाईट आहेस. पण खोडते. तुमच्या चिरंजिवांनी कुणाचं तोंड बघून काय खोडलं, ते विचारून कळवा.

आणि तुमच्या मुलीच्या हाताबद्दल. चांगल्या अक्षराला काम सांगितलं तर माणसाचा कारकून होत असेल, तर तुम्ही आयुष्यभर काय होतात? (सूनबाई, लिही. गाळायचं नाही ठरलंय ना आपलं?)

आम्ही वकिलाकडे जाऊन आलोत. त्याआधी घरात मिटलं तर बरं, म्हणून हे शेवटचं गोड पत्र.

तुमची,
विहीण


२२ मार्च

विहीणबाई यांस,

गोड पत्र मिळाले. यानंतर कडू येणार असेल तर माझी तयारी आहे.

वकिलाचे नाव काढलेत, म्हणून आता मलाही स्पष्ट लिहिणे भाग आहे. आजवर मुलीकडे पाहून गप्प होते.

माझ्या मुलाने चोरी केलेली नाही. मी त्याला समोर बसवून विचारले. त्याने कुठले पुस्तक फाडून त्याचे फोटो काढलेले नाहीत. सगळे धडे त्याला आयते, टाइप केलेले मिळाले. एका पेनड्राइव्हमध्ये. आपल्या घरातून. आपल्या कन्येच्या कॉम्प्युटरवरून.

कोणाच्या हातून, ते हे पत्र आपल्याला जी वाचून दाखवते आहे तिला विचारा. तिने आपल्या भावाला ते आपखुषीने दिले. दिलेली वस्तू घेणाऱ्याला चोर म्हणत नाहीत. आपल्या वकिलाला हे जरूर सांगा आणि त्याचा चेहरा पाहा. चेहरे पाहण्याची आपल्याला सवय आहे, असे आपणच लिहिता.

तेव्हा शिकवायचे असेल तर आधी स्वतःच्या घरात शिकवा. दारे वाजवायला, आणि दारे बंद ठेवायलाही.

आपली नम्र,
विहीण


२६ मार्च

आई,

हे माझं मी लिहितेय, सासूबाई वर गच्चीत आहेत.

तुझ्या पत्रातला तो भाग मी वाचला नाही. ‘माझी तयारी आहे’ इथपर्यंत वाचलं आणि एकदम ‘आपली नम्र’ म्हटलं. त्या नुसतं ‘एवढंच?’ म्हणाल्या. मी हो म्हटलं. आई, तू असं कसं लिहिलंस? मी ते मोठ्यानं वाचणार हे तुला माहीत होतं. दादाला वाचवायला तू मला पुढं केलंस.

दादानं मला सांगितलं होतं, क्लासमध्ये काही कच्ची मुलं आहेत, कसं शिकवायचं ते नुसतं बघतो, मग पुसून टाकतो. वन्सं शाळेत होत्या. मी पेनड्राइव्ह लावला आणि दिसला तो अख्खा फोल्डर उचलून दिला. त्यात काय छापलेलं, काय तसंच पडलेलं, मी बघितलंही नाही. आठवड्याभरानं ॲपवर त्याचा फोटो बघितला. फोन केला तर म्हणाला, अगं, घरातलंच तर आहे.

खरं सांगू? नुसता दादाचा दोष नाही. इथं रोज संध्याकाळी सगळे टेबलाशी बसून धडे ऐकतात. त्या हसतात, भांडतात, शेजारची पोरंसुद्धा मत देतात. मी चहा आणते आणि कप नेते. तुला काय वाटतं, असं मला कुणी विचारलं नाही. दादानं मागितलं तेव्हा वाटलं, चला, माझ्याकडंही कुणाला द्यायला काही आहे. ते माझं नव्हतंच, हे तेव्हा सुचलंच नाही.

वन्सं हल्ली जेवत नाहीत नीट. सहाव्या भागाचे कागद बांधून कपाटावर ठेवलेत. मला म्हणाल्या, वहिनी, तू पत्र छान लिहितेस हो. मला तिथंच मरावंसं वाटलं.

तू दादाला ते काढायला लाव. आणि पुन्हा असं काही पत्रात लिहू नकोस. सासूबाईंना कळलं तर मी या घरात तोंड कसं दाखवू?

तुझी


६ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं मागचं पत्र पोचलं. हातात घेतलं तेव्हा चांगलं जड होतं. ऐकलं तेव्हा फारच हलकं निघालं. तुमची मुलगी वाचते तेव्हा कागद उलटतानाही बोलत असते, तिला श्वास घ्यायला सांगावं लागतं. या वेळी कागद उलटला, आणि लगेच तुम्ही नम्र झालात. तुम्ही इतक्या लवकर नम्र होणाऱ्या नाही, एवढं मी ओळखते.

(लिही सूनबाई. बोलेन ते सगळं.)

मी तेव्हा काही म्हटलं नाही. परवा काय झालं ते ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. दुपारी खिडकी उघडी टाकून इस्त्री करतात आणि पोराला शेजारी बसवून फोनवर तुमच्या चिरंजिवांचा क्लास लावतात. आवाज बरा आहे हो त्यांचा, जाड. मी खाली पाय पसरून बसले होते. चिरंजीव वाचत होते, ‘एका शिंप्याकडे अठरा बटणं होती. त्यानं चार शर्टांना सारखी लावली. प्रत्येक शर्टाला किती, आणि उरली किती?’

विहीणबाई, हा धडा पुस्तकात नाही. पाचही भागांत कुठंच नाही. हा लेकीनं लिहिला होता आणि मी टाकून द्यायला लावला होता. कारण पोरांनी उत्तर काढायचं सोडून माना खाली घातल्या आणि स्वतःच्या शर्टाची बटणं मोजायला लागली. एक म्हणाला, चार बटणांचा शर्ट कसला, पोट दिसेल. दुसरा म्हणाला, शिंपी लबाड आहे. हसून हसून वर्ग संपला, भागाकार राहिला तिथंच. लेकीनं धडा खोडला, पण ती काही फेकत नाही, कॉम्प्युटरात एका कोपऱ्यात सारून ठेवते. म्हणजे तो छापला गेला नाही, दुकानात गेला नाही, या घराबाहेर कधी पडलाच नाही. चिरंजिवांनी ताटातलं आणि उष्ट्यातलं सगळं एकत्रच उचललं, आणि उष्टंसुद्धा रंग लावून वाढलं.

घरातून गेला म्हणजे घरातल्यानं दिला. माझा मुलगा महिन्यातून दोनदा घरी येतो, त्याला ते कॉम्प्युटर कुठून चालू होतं हे माहीत नाही. मला तर काहीच माहीत नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगता. मग राहिलं कोण?

आता पुढचं वाक्य मी सांगणार नाही. ते तुझं आहे, सूनबाई. आईला लिही. तू काय केलंस ते, तुझ्या शब्दांत. मी बसलेय.

पेन थांबलं की मला कळतं बरं. वाचता येत नाही, ऐकू येतं. थांब हवं तर. मला कुठं जायचं नाही.

धडे मी दिले. वन्संच्या कॉम्प्युटरमधून, त्यांना न विचारता, मी दादाला दिले. त्यानं नुसते बघायला मागितले होते. पुसून टाकीन म्हणाला होता. त्याच्या नावानं लावायला मी दिले नव्हते. हे खरं आहे आणि कुठंही विचारलं तरी मी हेच सांगेन.

तिनं काहीतरी लिहिलं, विहीणबाई. बराच वेळ लिहिलं, मध्ये दोनदा डोळे पुसले. काय लिहिलं ते मला माहीत नाही. वाचून दाखव असं मी म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचूनही घेणार नाही. तिनं तिथं आजच्या उन्हाचं वर्णन केलं असलं तर ते तुम्हाला कळेल, मला कधीच नाही. मला तिच्याबरोबर याच घरात राहायचंय. संशय घेऊन राहण्यापेक्षा अडाणी राहिलेलं बरं.

वकील म्हणाले होते, असा काही कागद हातात आला तर आधी जपून ठेवा, त्यावर सगळं उभं राहील. मी तो तुम्हाला पाठवतेय. नर्सबाई म्हणाल्या असत्या, फोननं फोटो काढून ठेवा. काढला नाही. नकलांचा इतका सुकाळ झालाय, एक तरी कागद एकुलता एक असू दे.

फाडायचा तर फाडा. मग माझ्या लेकीचा सहावा भाग गेला, आणि तुमच्या चिरंजिवांचा टाय सलामत राहिला. नाहीतर तो कागद घेऊन क्लासला जा. ॲप तुम्हाला उघडता येत नसेल, दार येतं.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. ते आमच्या घरातलं, तुम्ही त्यात पडू नका.

तुमची,
विहीण


१९ एप्रिल

विहीणबाई यांस,

आपण मागितले नाही, तरी कळवते. ऊन नाही. सहा वाक्ये आहेत, आणि माझ्याच मुलीच्या अक्षरात आहेत. ते अक्षर मीच वळवले होते.

पत्र मिळाले त्याच दिवशी कागद घेऊन क्लासला गेले. वर्ग चालू होता. भिंतीवर त्याचा तोच फोटो, माणसाएवढा. मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. मुलांना वाटले नवीन विद्यार्थिनी आली. मुले गेल्यावर कागद त्याच्या पुढे ठेवला. त्याने वाचला आणि म्हणाला, ‘तिने हे लिहून दिले?’ केले त्याचे काही नाही, लिहून दिले याचे आश्चर्य! नंतर म्हणाला, आई, धडे काढले तर निम्मी मुले जातील. मी म्हटले, जाऊ देत. तू ज्या मुलीला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचास, तीही जाऊ द्यायची का, एवढे सांग.

धडे काढले. माझ्यासमोर काढले. प्रकाशकाच्या नावचे पत्र मी स्वतः टाइप केले आणि त्याची सही घेतली. त्याला त्यात ‘अनवधानाने’ असा शब्द हवा होता. मी घातला नाही. पुस्तके कोणाची, कोणाच्या परवानगीशिवाय लावली आणि कोणाचे नाव काढले, हे तीन वाक्यांत आहे. तेच तो ॲपवरही वाचून दाखवतो आहे, स्वतःच्या त्याच जाड आवाजात. फोनाफोनांतून जे आधीच पुढे गेले ते परत आणता येणार नाही, असे तो म्हणतो. ते खरे असावे. आपल्या कन्येला तेवढे नुकसान सोसावे लागेल, आणि त्याबद्दल मी तिची क्षमा मागते. तिची. आपली नाही.

कारण आपण जे केलेत ते मी विसरणार नाही. मुलीला समोर बसवून तिचाच गुन्हा तिच्याच हाताने तिच्याच आईला लिहायला लावलात. कचेरीत मी पुष्कळ निर्दय साहेब पाहिले, त्यांनाही हे सुचले नसते. मीही तेच केले होते, तिच्याच तोंडून तिला पकडून द्यायला निघाले होते, असे आपण म्हणाल. म्हणा. म्हणून आपण चांगल्या ठरत नाही.

प्रकाशकाचा फोन येऊन गेला. सहावा भाग छापायला घेतो आहे. तो आल्यावर मला संच पाठवू नये. मी दुकानातून घेईन.

आता माझे एक मागणे. पुढचा धडा वाचाल, त्या वेळी माझ्या मुलीला चहा आणायला पाठवू नका. तिला टेबलाशी बसवा, आणि शेजारच्या पोरांना विचारता तसे तिलाही विचारा, काय वाटते. यापुढे मला पत्र पाठवले नाहीत तरी चालेल. हे केलेत की नाही, ते मला तिच्याकडून कळेल.

हे पत्र तीच आपल्याला वाचून दाखवते आहे. या वेळी तिने काहीही गाळू नये, म्हणून सांगते. पण इथे येऊन ती थांबली असेल, तर तिला थांबू द्या. पुढे मी काही लिहिलेले नाही.

विहीण